आधी आवाज सांगा

गाड्यांची पुस्तकं बहुतेक थंड मुलखात लिहिली गेली, म्हणून त्यांत बॅटरीचा वैरी हिवाळा असतो. आमच्या खानदेशात बॅटरी मरते ती वैशाखात. भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा चालून आलेल्या गाडीच्या बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त धग असते. तापमान दहाएक अंशांनी चढलं की रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, आणि बॅटरीतल्या शिशाच्या जाळ्या गंजणं हीही तशीच एक क्रिया. शिवाय पाणी उडून जातं, प्लेटांची वरची कड उघडी पडते. ती एकदा वाळून कडक झाली की नंतर कितीही पाणी घाला, पुन्हा कामाला येत नाही. पण मरायला लागलेली ही बॅटरी मे महिन्यात ओळखू येत नाही. उन्हाळ्यात इंजिनचं ऑइल पातळ असतं, इंजिन हलकं फिरतं, निम्मी उरलेली बॅटरीही काम भागवते. मग पावसाळा जातो, दिवाळी जाते, आणि डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा पाच-सहा अंशांवर उतरला की पहाटेच माझा फोन वाजायला लागतो. “काल रात्रीपर्यंत चांगली होती हो गाडी!” मी थंडीला दोष देत नाही. दुखणं मे महिन्यातलं असतं.

मी ऑटो इलेक्ट्रिशियन. काम शिकलो धुळ्यात. दुकान टाकलं जळगावात, अजिंठा चौफुलीच्या बाजूला. आयुष्य सेल्फ, अल्टरनेटर आणि जळक्या वायरींत गेलं आणि त्याचा मला आनंद आहे. या एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की पटली आहे: गाडी सुरू न होण्याच्या बऱ्याचशा तक्रारी गाडीजवळ उभ्या असलेल्या माणसालाच, जवळपास काही न उघडता, ओळखता येतात. त्यासाठी कान लागतात, हेडलाइट लागतो आणि थोडा धीर लागतो. पण आपल्याकडे माणूस आधी पाकीट उघडतो. चावी फिरवली, गाडी गप्प राहिली, की “बॅटरी गेली” म्हणून नवी बॅटरी. दोन दिवसांनी पुन्हा गप्प, की नवा सेल्फ. तिसऱ्या वेळी कुणीतरी अल्टरनेटरवर बोट ठेवतो. कपाशीच्या हंगामात हातात आलेले पैसे असे चुकीच्या सामानावर जाताना पाहिले की मला खरंच वाईट वाटतं. दोष बहुतेक वेळा एका सैल किंवा मळक्या जोडाचा असतो आणि तो जोड फुकटात साफ होणार असतो.

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात, म्हणून शिकायला धुळ्याइतकी चांगली जागा नव्हती. नव्वदच्या दशकात तिथे सगळं यायचं: चोवीस व्होल्टचे ट्रक, महिंद्राच्या जीपा, ॲम्बेसेडर, पद्मिनी, मॅटाडोर आणि मारुती ८००. काही जुन्या गाड्यांना तर अजून डायनामो आणि कट-आउट होते. माझ्या उस्तादांकडे मीटर नव्हता. एक इंडिकेटरचा बल्ब, त्याला दोन वायरी, एका टोकाला क्लिप आणि दुसऱ्या टोकाला घासून टोकदार केलेला खिळा. बस. त्या टेस्ट लॅम्पवर त्यांनी अख्खी हयात काढली. बल्ब लागला की नाही एवढंच मी बघायचो, तेव्हा ते म्हणायचे, “लागला हे नको सांगू. कसा लागला ते सांग. पिवळा का पांढरा?”

त्या प्रश्नात या धंद्यातलं निम्मं शास्त्र आहे आणि ते मला फार पुढे, हातात डिजिटल मीटर आल्यावर, नीट उमगलं. मीटर स्वतः करंट जवळजवळ घेतच नाही. शंभर तारांची केबल तुटून एकच तार उरली असली, तरी मीटर खुशाल साडेबारा व्होल्ट दाखवतो. २१ वॅटचा बल्ब मात्र पावणेदोन अँपिअर मागतो. जोड कच्चा असेल तर तो पिवळा पडतो. सेल्फ तर त्याहून कितीतरी भुकेला. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ शंभर-दीडशे अँपिअर ओढतो, डिझेलचा त्याच्या दुप्पट-तिप्पट. टर्मिनलवर पांढऱ्या पावडरीचा एक पातळ थर बसला, त्याचा अडथळा एका ओहमचा फक्त शंभरावा भाग, तरी दीडशे अँपिअर जाताना त्या एका जागी दीड व्होल्ट गळतो. असे दोन जोड झाले की तीन व्होल्ट वाटेतच संपले. बॅटरी चांगली, सेल्फ चांगला, आणि गाडी बंद.

रावेर-यावलच्या केळीवाल्या शेतकऱ्यांना मी हे ठिबकवरून सांगतो आणि त्यांना ते एका वाक्यात कळतं. फिल्टर चोंदलेला असला तरी व्हॉल्व्ह बंद असताना प्रेशर गेजचा काटा पूर्ण दाब दाखवतो; सगळ्या नळ्या सोडल्या की काटा खाली बसतो आणि शेवटच्या झाडाला थेंब मिळत नाही. गाडीचंही पाणी सोडून बघायचं. म्हणजे चावी फिरवलेली असताना बघायचं.

म्हणून फोन आला की मी पहिला प्रश्न विचारतो, “आधी आवाज सांगा. चावी फिरवल्यावर नक्की काय ऐकू येतं?” लोकांना हे विचित्र वाटतं. “आवाज? चालूच होत नाही तर आवाज कसला?” पण आवाज असतो किंवा नसतो, आणि दोन्हींतून कळतं.

कटकटकटकट असा भराभर आवाज आला, मशीनगनसारखा, तर बॅटरीत किंवा तिच्या जोडांत ताकद नाही. सोलेनॉइड, म्हणजे सेल्फला करंट जोडून देणारा स्विच, खेचला जातो, सेल्फला करंट जायला लागतो, तेवढ्यात व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज पुन्हा चढतं, तो पुन्हा खेचला जातो. तो फेरा सेकंदाला कित्येकदा चालतो आणि आपल्याला ती कटकट ऐकू येते. एकच जड ‘टक्’ येऊन पुढे शांत झालं, तर सोलेनॉइडने आपलं काम केलं आहे, मोटर फिरत नाहीये. सेल्फचे कार्बन झिजलेले असतील, सोलेनॉइडमधला तांब्याचा कॉन्टॅक्ट जळलेला असेल किंवा जाड केबल कुठेतरी कच्ची असेल. काहीच आवाज नाही आणि डॅशबोर्डवर दिवेही नाहीत, तर बॅटरी पूर्ण बसली किंवा टर्मिनल सुटलं. काहीच आवाज नाही पण दिवे लख्ख, तर चावीचा स्विच, रिले, फ्यूज, किंवा हल्लीच्या गाड्यांत क्लच पूर्ण दाबलेला नसणं. बऱ्याच नव्या गाड्या क्लच तळाला गेल्याशिवाय सेल्फच मारू देत नाहीत. पायाखालचं मॅट सरकून पेडलच्या मागे गेलं, एवढ्या कारणावरून मी पहूरपर्यंत जाऊन आलो आहे. आणि इंजिन जोरात फिरतंय पण पेटत नाही, तर बॅटरी-सेल्फचा विषयच सोडा. दोष इंधनात किंवा ठिणगीत आहे.

दुसरा प्रश्न हेडलाइटचा. घराच्या भिंतीसमोर गाडी असेल तर उत्तम. हेडलाइट लावा, घरातल्या कुणाला तरी भिंतीकडे बघायला उभं करा आणि चावी फिरवा. प्रकाश अगदी विझल्यासारखा झाला तर बॅटरी किंवा तिचे जोड. प्रकाश जसाच्या तसा राहिला, तर सेल्फपर्यंत करंट गेलाच नाही. थोडा मंदावला पण सेल्फ फिरला नाही, तर सेल्फकडे बघा. यात काही खर्च नाही, हात काळे होत नाहीत, आणि याच्या उत्तरावर मी सामान घेऊन निघायचं की नुसता पाना घेऊन, हे ठरतं.

फोनवरून एवढं सगळं करता येतं याची मला स्वतःला खात्री पटली ती २०२० च्या लॉकडाऊनमध्ये. दुकान बंद, रस्ते बंद, उन्हाळा ऐन भरात. पारोळ्याकडच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला असलेल्या सिस्टरताईंचा सकाळी सातला फोन आला. धुळ्याहून रोज जाणं-येणं होतं, त्या दिवशी गाडी सुरू होईना आणि त्यांना पोचणं तर भाग होतं. आवाज विचारला. त्यांनी फोन डॅशबोर्डवर ठेवला आणि चावी फिरवली. कटकट मला इथे जळगावात स्वच्छ ऐकू आली. दिवे मिणमिणत होते. मी म्हटलं, “ताई, बॉनेट उघडा. बॅटरीवर दोन जाड वायरी दिसतील. हात लावू नका, आधी नुसतं बघा. कुठे पांढरं-हिरवं काही साठलंय का?” त्या म्हणाल्या, “एका बाजूला तर मीठ सांडल्यासारखं दिसतंय.” शेजारच्यांकडून दहा नंबरचा पाना आणला. बांगड्या काढायला सांगितलं. आधी वजा खूण असलेली वायर सोडवली, मग अधिकची. कपभर गरम पाण्यात चमचाभर खायचा सोडा, जुना टूथब्रश. फेस आला म्हणजे ॲसिड मरतंय. ते पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ द्यायचं नाही. कोरडं पुसून टर्मिनल आतून काचपेपरने चकचकीत केलं, आधी अधिक, मग वजा असं लावून घट्ट आवळलं, वरून व्हॅसलिनचा हात. दुसऱ्याच सेल्फला गाडी सुरू झाली. त्या मुळीच यंत्रातल्या नव्हत्या. पण सांगितलेलं नीट ऐकायची आणि दिसलेलं नीट सांगायची त्यांना कामामुळे सवय होती, आणि एवढंच पुरलं.

त्यात वजा वायर आधी काढायची आणि शेवटी लावायची, यामागचं कारण मी प्रत्येकाला सांगतो. गाडीची सगळी बॉडी वजाला जोडलेली असते. अधिकचा बोल्ट उघडताना पाना चुकून बॉडीला टेकला तर बॅटरी सरळ शॉर्ट होते, पाना लाल होतो, आणि हातात अंगठी असेल तर बोटाची हाडापर्यंत वाट लागते. वजा आधीच सुटलेली असेल तर पाना बॉडीला कुठेही टेको, काही होत नाही. आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून वाकून बघताना बिडी, काडी, लायटर काही नाही. झाकणं उडालेली बॅटरी आणि ॲसिडने भाजलेला चेहरा मी पाहिलेला आहे. ज्याला घरी हे काम करायचं आहे त्याने डोळ्यांवर चष्मा चढवावा आणि जवळ बादलीभर पाणी ठेवावं. यात हयगय नको.

अमळनेरकडचे एक आबा आले होते, ट्रॅक्टरला बांधून गाडी ओढत. “भाऊ, नवी बॅटरी टाकी, तरी मनी गाडी चालू व्हस नही.” बॅटरी खरोखर नवी होती. पण नव्या बॅटरीच्या खांबावर जुनं, आतून काळं पडलेलं टर्मिनल तसंच बसवून दिलं होतं, आणि ते सैल होतं म्हणून सिगारेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळून घट्ट केलेलं. काढलं, खरवडलं, नीट लावलं. जुनी बॅटरी कुठाय म्हणून विचारलं तर ती दुकानदाराने भंगाराच्या वजनाने घेतलेली. मला दाट शंका आहे की ती बॅटरीही ठीक असावी.

अधिकची वायर सगळे बघतात. वजाची, म्हणजे अर्थिंगची, कुणी बघत नाही. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसवलेलं असतं, म्हणून इंजिनपासून बॉडीपर्यंत एक वेगळी जाड पट्टी किंवा केबल असते. सेल्फ इंजिनला घट्ट बसवलेला, त्याचा सगळा करंट परत बॅटरीकडे जातो तो याच पट्टीतून. शाळेची मुलं ने-आण करणारी एक ओम्नी माझ्याकडे आली होती. तक्रार अशी की ॲक्सिलरेटरची केबल सारखी जळते. केबल बदलून झालेली, पुन्हा जळलेली, तिचं प्लॅस्टिकचं आवरण वितळून आतली तार अडकलेली. ॲक्सिलरेटरची केबल आणि वीज यांचा संबंध काय, हे मालकाला कळेना आणि ते साहजिक होतं. इंजिनचं काम निघालं तेव्हा कुणीतरी ती अर्थची पट्टी काढली आणि परत लावलीच नाही. मग सेल्फ मारला की शंभर अँपिअरला परत जायला वाट कोणती? इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी उरलेली एकच धातूची गोष्ट, ती केबल. दर सेल्फला तिच्यातून करंट जायचा आणि ती तापायची. गाडीत मुलं बसत होती. ती पट्टी लावायला पाच मिनिटं लागली, पण त्या दिवसापासून कुठलीही गाडी आली की मी इंजिनचं अर्थिंग आधी चाचपतो. घरी हे तपासायला जंपर केबल पुरते: तिचं एक टोक बॅटरीच्या वजाला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला लावायचं आणि सेल्फ मारायचा. गाडी झटकन उठली तर दोष अर्थिंगचा.

आखाजीच्या आसपास माझ्याकडे वेगळ्याच तक्रारी येतात. अक्षय तृतीयेला माहेरवाशिणी येतात, सुरतेहून, पुण्या-नाशिकहून गाड्या गावात येऊन उभ्या राहतात, झोके बांधले जातात, मुलं दिवसभर गाडीची दारं उघडी ठेवून आत खेळतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी निघायच्या वेळी गाडी मुकी. हिवाळ्यात तेच भरीत पार्टीचं: शेतात उजेडाला हेडलाइट, वर गाणी, आणि रात्री अकराला सगळे मिळून नांगरटीतून गाडी ढकलताहेत. याला बिघाड म्हणत नाहीत. डिकीतला ५ वॅटचा एक दिवा चालू राहिला तर दिवसाला दहाएक अँपिअर-अवर खातो. छोट्या गाडीची बॅटरी असते ३५ अँपिअर-अवरची. तिसऱ्या दिवशी सेल्फ बोलणार नाही, हा हिशेब शाळेतलं पोरही करेल.

दिवे सगळे बंद, दारं बंद, तरी दोन-तीन दिवसांत बॅटरी बसते, तेव्हा मात्र लिकेज शोधावं लागतं. मीटर अँपिअरच्या खाच्यात लावून बॅटरीची वजा वायर आणि खांब यांच्यामध्ये जोडायचा, गाडी लॉक करून अर्धा तास थांबायचं, कारण आतले कंट्रोल युनिट झोपायला तेवढा वेळ घेतात. मग आकडा बघायचा. मीटर मध्ये असताना सेल्फ मारायचा नाही, मीटर जळेल. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर गाडी निर्दोष. त्याच्या दहापट दिसला तर एकेक फ्यूज काढत जायचं. ज्या फ्यूजला आकडा धपकन पडेल, चोर त्या वाटेवर आहे. माझ्या अनुभवात तो चोर गाडीच्या कारखान्यातून फारसा येत नाही. तो नंतर बसवलेला असतो: म्युझिक सिस्टिम, रिव्हर्स कॅमेरा, ट्रॅकर, रंगीत दिव्यांच्या पट्ट्या. वायर सोलून तिच्यावर दुसरी वायर पिळून टेप लावलेली. असे जोड पहिल्या पावसाळ्यात हिरवे पडतात. हौसेला माझी ना नाही. पण काम रिलेवरून आणि वेगळ्या फ्यूजवरून करून घ्या, आणि ते तसं केलंय का हे स्वतः वाकून बघा.

उंदरांचं थोडक्यात सांगतो. घरात कापूस भरलेला असतो त्या दिवसांत उंदीर तो बोंडा-बोंडाने बॉनेटखाली नेतात आणि उबदार जागी घर करतात. एकदा एअर फिल्टरच्या डब्यात एवढा कापूस निघाला की माझा पोरगा बघतच राहिला. कुरतडलेली वायर हा एक त्रास, आणि तापलेल्या इंजिनजवळ सुका कापूस हा त्याहून मोठा धोका. गाडी चार दिवस उभी असेल तर सेल्फ मारण्याआधी बॉनेट उघडून बघायची सवय ठेवा.

जुन्या सवयींपैकी एक मात्र मोडलीच पाहिजे आणि त्याबद्दल मी भांडायलाही तयार असतो. डायनामोच्या जमान्यात चार्जिंग बघायची एक रीत होती: इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढायचं. इंजिन चालू राहिलं तर डायनामो चांगला. पॉइंट-कंडेन्सरच्या गाड्यांत ती खपून गेली, म्हणून ती आजही बापाकडून पोराकडे येते. आजच्या गाडीत हे करू नका. अल्टरनेटर करंट देत असताना बॅटरी अचानक बाजूला झाली, तर रेग्युलेटरला सावरायला जो क्षण लागतो त्या क्षणात व्होल्टेज कित्येक पट उसळी मारतं. त्यात अल्टरनेटरचे डायोड जातात आणि कधी कधी इंजिनचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयूसुद्धा जातो. त्या खर्चात जुनी दुचाकी येईल. चार्जिंग बघायचं तर साधा मीटर बॅटरीवर लावा. गाडी रात्रभर उभी असताना १२.६ म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे रिकामीकडे. सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली जाऊ नये. इंजिन चालू झाल्यावर १३.८ ते १४.५ च्या मधे राहावं, आणि हेडलाइट-पंखा लावूनही तेराच्या वर. पंधराच्या पुढे गेलं तर रेग्युलेटर बिघडलाय आणि बॅटरी उकळतेय. पाणी वारंवार कमी होत असेल तर हेच तपासा. पाणी टाकाल ते डिस्टिल्डच टाका. आमच्या बोअरचं पाणी किती जड, ते घरातली बादली सांगेल. आणि ॲसिड कधीच वाढवू नका. उडून गेलेलं असतं ते पाणी.

इंजिन फिरतंय पण पेटत नाही, त्यात घरी बघण्यासारखं कमी आहे. पेट्रोल गाडीत चावी ऑन केली की मागच्या सीटखालून पंपाचा दोन सेकंद गुंजारव येतो; तो नसेल तर फ्यूज आणि रिले बघा. डॅशबोर्डवर चावीचं चिन्ह लुकलुकत असेल तर गाडी चावी ओळखत नाहीये, दुसरी चावी वापरून बघा. डिझेलमध्ये फिल्टरमधलं पाणी आणि लाइनमधली हवा. थंडीत हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबा. यापुढे मेकॅनिककडे जावं. सेल्फ दहा सेकंदांपेक्षा जास्त सलग मारू नये आणि दोन सेल्फमध्ये अर्धा मिनिट थांबावं, नाहीतर इंधनाचा दोष शोधता शोधता सेल्फ जळून दुसरा दोष तयार होतो.

महामार्गावरच्या लोकांसाठी एक गोष्ट जास्तीची. एरंडोल-पारोळ्याच्या टप्प्यात रात्री गाडी बंद पडली की मदतीला थांबतो तो ट्रकवाला. माणूस देवासारखा, पण त्याच्या ट्रकला दोन बॅटऱ्या ओळीने जोडलेल्या असतात, २४ व्होल्ट. तिथून थेट जंप घेतला तर तुमच्या गाडीतलं काय काय जाईल सांगता येत नाही. दुसरी कार, पिकअप किंवा १२ व्होल्टचा ट्रॅक्टर बघा. लाल केबल आधी बसलेल्या बॅटरीच्या अधिकला, मग चांगल्या बॅटरीच्या अधिकला. काळी चांगल्या बॅटरीच्या वजाला, आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या बॅटरीला न लावता इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडाला ठिणगी पडते आणि ती हायड्रोजनजवळ पडू नये.

धंद्यातले काही मित्र म्हणतात, सगळं फोनवर सांगून टाकतोस, मग दुकान कशावर चालणार? चालतं. ज्याने आवाज ऐकून, दिवा बघून फोन केला त्याचं काम मी अर्ध्या वेळात करतो, आणि तो पुन्हा माझ्याकडेच येतो. सेल्फचं आर्मेचर, अल्टरनेटरचे बेअरिंग, जळालेलं हार्नेस ही कामं घरी होणारी नाहीतच. माझ्या उस्तादांनी मला टेस्ट लॅम्प धरायला शिकवलं तेव्हा काही हातचं राखलं नव्हतं. आयटीआय करून माझ्याकडे आलेल्या पोरांना स्कॅनर चालवता येतो, कोड वाचता येतो, आणि ते मला हवंच असतं. पण कमी व्होल्टेजमुळे स्कॅनर एकदम दहा-पंधरा कोड ओकतो, सेन्सरचे, एबीएसचे, स्टिअरिंगचे, आणि ते सगळे पार्ट चांगले असतात. म्हणून दुकानात नियम आहे, स्कॅनर लावण्याआधी बॅटरीचं व्होल्टेज पाटीवर लिहायचं: उभं असताना, सेल्फ मारताना, चालू झाल्यावर. तीन आकडे लिहिल्याशिवाय पान्याला हात नाही.

आता इलेक्ट्रिक गाड्या आल्या. गेल्या उन्हाळ्यात एका डॉक्टरसाहेबांचा फोन आला: गाडी रात्रभर घरी चार्ज केलेली, तरी सकाळी ढिम्म. दारही किल्लीतल्या किल्लीने उघडावं लागलं. त्यांना वाटलं मोठी बॅटरीच गेली. पण या गाड्यांतही दिवे, लॉक, कंट्रोल युनिट जागं करायला एक साधी १२ व्होल्टची बॅटरी असते, आणि ती झोपली तर मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली असूनही जोडलीच जात नाही. मी त्यांना सांगितलं, नारिंगी आवरणाच्या केबलींना अजिबात हात लावायचा नाही, तिथे काही शे व्होल्ट असतात आणि ते काम कंपनीच्या शिकलेल्या माणसाचं. छोट्या बॅटरीवर मीटर लावा आणि आकडा वाचा. ९.८ आला. मी चार्जर घेऊन गेलो, त्यांच्या पोर्चमध्येच लावला, तासाभराने गाडी जागी झाली. डॉक्टरसाहेबांनी त्याच दिवशी एक मीटर मागवला.